पीकसंवर्धक जीवाणू

वनस्पतींच्या मुळांवर, मुळांलगतच्या मातीत किंवा मुळांच्या ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांत) राहून पिकांच्या वाढीस मदत करणाऱ्या अथवा रोगकारक सूक्ष्मजीवांपासून पिकांचे रक्षण करणाऱ्या जीवाणूंना पीकसंवर्धक जीवाणू म्हणतात. हवेतील नायट्रोजन वनस्पतींना मिळवून देणे, मातीत अडकलेला फॉस्फरस विरघळविणे, वृद्धिनियामक हॉर्मोने निर्माण करणे आणि रोगकारकांना अटकाव करणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. एकच जीवाणू यांपैकी अनेक कार्ये करू शकत असल्यामुळे ‘जीवाणू खत’ व ‘जैव रोगनाशक’ हा व्यवहारातील भेद सोयीचा असला, तरी काटेकोर नाही. कीटकांना मारणाऱ्या जीवाणूंचा (उदा., बॅसिलस थुरिंजेन्सिस) समावेश येथे केलेला नाही.

इतिहास : कडधान्याच्या पिकानंतर घेतलेले धान्याचे पीक जोमदार येते, हा अनुभव शेतकऱ्यांना प्राचीन काळापासून आहे. भारतातील तूर-ज्वारी यांसारखी मिश्र पिके व हरभऱ्याचा फेरपालट यांमागे हाच अनुभव आहे. शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पती जमिनीतील नायट्रोजनावर सर्वस्वी अवलंबून नसतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झां बातीस्त बूसँगो यांनी 1838 च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. परंतु त्याचे कारण त्यांना सापडले नाही. हेरमान हेलरीगेल व हेरमान व्हिलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886–88 या काळात ही क्षमता मुळांवरील गाठींमध्ये व त्यांतील सूक्ष्मजीवांमध्ये असल्याचे सिद्ध केले. 1888 मध्ये मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञांनी गाठींतील जीवाणू अलग करून त्यांचे शुद्ध संवर्धन केले. पुढे या जीवाणूंना ऱ्हायझोबियम हे नाव मिळाले.

तोपर्यंत नव्या जमिनीत शिंबावंत पीक घ्यावयाचे असल्यास ते चांगले येणाऱ्या शेतातील माती गाड्यांतून आणून पसरीत असत. शुद्ध संवर्धनामुळे हा खटाटोप अनावश्यक झाला. फ्रीड्रिख नोबे व लोरेंट्स हिल्टनर यांनी 1896 मध्ये ‘निट्राजिन’ या नावाने ऱ्हायझोबियमाचे संवर्धन विक्रीस आणले. जीवाणूंचा शेतीसाठी केलेला हा पहिला व्यापारी वापर मानला जातो. हिल्टनर यांनीच 1904 मध्ये मुळांच्या प्रभावाखालील मातीच्या थराला स्वतंत्र नाव दिले. त्यालाच मराठीत ‘मूलपरिसर’ म्हणतात.

रोगनियंत्रणाचा विचार काहीसा नंतरचा आहे. हिरवळीच्या खतामुळे बटाट्यावरील खवड्या रोग कमी होतो व त्यास मातीतील विरोधी सूक्ष्मजीव कारणीभूत असावेत, असे कॅनडातील जी. बी. सॅनफर्ड यांनी 1926 मध्ये सुचविले. मुळांवर टिकाव धरून वाढ सुधारणाऱ्या जीवाणूंचा एक वर्ग म्हणून विचार मात्र 1978 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील जोसेफ क्लॉपर व मिल्टन श्रॉथ यांनी मुळ्याच्या पिकावर केलेल्या कार्यापासून सुरू झाला.

मूलपरिसर : सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. मुळांलगत त्यांची संख्या इतर मातीच्या मानाने दहा ते शंभर पट असू शकते. याचे कारण पानांत तयार झालेल्या अन्नाचा लक्षणीय भाग मुळांवाटे शर्करा, ॲमिनो अम्ले व कार्बनी अम्ले यांच्या रूपाने मातीत स्रवतो. हे स्राव म्हणजे वनस्पतीने सूक्ष्मजीवांना घातलेले अन्नछत्रच होय. त्याचा लाभ उपकारक, निरुपद्रवी व रोगकारक अशा सर्वच सूक्ष्मजीवांना होतो. त्यामुळे मुळाच्या पृष्ठभागावर जागा व अन्न यांसाठी सतत स्पर्धा चालू असते. बाहेरून दिलेल्या जीवाणूचे यश प्रयोगशाळेतील त्याच्या गुणांपेक्षा या स्पर्धेत तो कितपत टिकतो यावरच बहुधा ठरते.

पोषण व वाढ : हवेत सु. 78 टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो वायुरूपात वापरता येत नाही. काही जीवाणूंमधील नायट्रोजिनेज या एंझाइमाच्या साहाय्याने त्याचे अमोनियात रूपांतर होते. या क्रियेला फार ऊर्जा लागते आणि ऑक्सिजनाच्या संपर्काने हे एंझाइम निकामी होते. मुळांवरील गाठींत या दोन्ही अडचणींची सोय झालेली असते. वनस्पती जीवाणूंना शर्करा पुरविते आणि लेगहीमोग्लोबिन या तांबड्या रंजकद्रव्यामुळे मुक्त ऑक्सिजनाचे प्रमाण अत्यल्प राहते. म्हणूनच कार्यक्षम गाठ कापली असता आतून गुलाबी वा तांबूस दिसते; पांढरट किंवा हिरवट गाठी निरुपयोगी समजाव्यात. शेतकऱ्याला उपकरणाशिवाय करता येण्याजोगी ही साधी व विश्वसनीय परीक्षा आहे. या सहजीवनातून मिळणारा नायट्रोजन पीक, जमीन व पाऊस यांनुसार दर हेक्टरी काही दशक किग्रॅ.पासून 200 किग्रॅ.पेक्षाही अधिक असू शकतो.

प्रत्येक जीवाणू प्रत्येक पिकावर गाठी निर्माण करीत नाही. व्यवहारासाठी पिकांचे गट पाडले आहेत. चवळी गटात चवळी, तूर, मूग, उडीद, मटकी, भुईमूग, गवार व ताग ही पिके येतात. हरभरा, सोयाबीन व घेवडा यांचे स्वतंत्र गट आहेत. वाटाणा व मसूर यांचा एक, तर लसूणघास व मेथी यांचा दुसरा गट होतो. हरभऱ्याच्या गटाचे संवर्धन तुरीस लावल्यास ते वाया जाते. या जीवाणूंचे आता ऱ्हायझोबियम, ब्रॅडीऱ्हायझोबियम, मेसोऱ्हायझोबियम इ. अनेक वंशांत वर्गीकरण झाले असले, तरी बाजारात ती सर्व संवर्धने ऱ्हायझोबियम या नावानेच ओळखली जातात.

गाठी न करता नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जीवाणूंपैकी ॲझोटोबॅक्टर बायेरिंक यांनी 1901 मध्ये शोधला. ज्वारी, बाजरी, मका इ. तृणधान्यांच्या मुळांशी निगडित असलेल्या ॲझोस्पिरिलमाचे महत्त्व ब्राझीलमधील योहाना डबेराइनर यांनी 1970 नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यांच्याच प्रयोगशाळेतून 1988 मध्ये उसाच्या ऊतकांत राहणाऱ्या ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस (आता ग्लुकॉनॲसिटोबॅक्टर) या जीवाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. या जीवाणूंपासून मिळणारा नायट्रोजन गाठींच्या मानाने पुष्कळच कमी असतो. ॲझोस्पिरिलमामुळे होणारी वाढ तर मुख्यत्वे त्याने निर्माण केलेल्या ऑक्सिन या हॉर्मोनामुळे होते, असे आढळले आहे. या हॉर्मोनामुळे मुळांना फाटे व केशमुळे अधिक फुटतात आणि पाणी व खनिजे शोषण्याचे क्षेत्र वाढते.

काही जीवाणू वनस्पतीतील एथिलिनाच्या पूर्वद्रव्याचे विघटन करतात. अवर्षण, पाणथळपणा वा खारवट जमीन यांमुळे वनस्पतीत एथिलीन वाढते व मुळांची वाढ खुंटते. असे जीवाणू हा ताण काही प्रमाणात हलका करतात. बॅसिलस व स्यूडोमोनस वंशांतील काही जाती कार्बनी अम्ले स्रवून कॅल्शियमाशी बद्ध झालेला फॉस्फेट विरघळवितात. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत दिलेल्या फॉस्फेट खताचा मोठा भाग असा बद्ध होत असल्याने या जीवाणूंना तेथे महत्त्व आहे.

रोगनियंत्रण : तुरीवरील व हरभऱ्यावरील मर, भुईमुगाची खोडकूज यांसारखे रोग मातीतील कवकांमुळे होतात. ही कवके पिकाविनाही मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि झाड सुकू लागल्यावर कोणतीही फवारणी त्याला वाचवू शकत नाही. संपूर्ण शेताची माती औषधाने निर्जंतुक करणे खर्चिक, अपायकारक व कोरडवाहू शेतीत अशक्यप्राय असते. म्हणून रोगप्रतिकारक वाण, पिकांचा फेरपालट व विरोधी सूक्ष्मजीव हेच येथे खरे उपाय ठरतात. जीवाणूंचे संरक्षणकार्य पुढील चार प्रकारे चालते.

(1) अन्नाची व जागेची स्पर्धा : लोह मातीत विपुल असले, तरी त्याचा विरघळणारा अंश अत्यल्प असतो. प्रतिदीप्त स्यूडोमोनस जीवाणू लोहाला घट्ट पकडणारी पिवळसर हिरवी संयुगे स्रवून ते स्वतःसाठी राखतात व रोगकारकांची उपासमार होते. या लोहग्राही संयुगांचा पीकवाढीशी असलेला संबंध क्लॉपर, श्रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दाखविला.

(2) प्रतिजैव पदार्थ : गव्हाची मुळे काळी पडून कुजविणाऱ्या एका कवकजन्य रोगाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आढळते. त्याच शेतात सतत गहूच घेत राहिल्यास रोग काही वर्षे वाढत जातो व नंतर आपोआप ओसरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात आर. जेम्स कुक, डेव्हिड वेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेचा दीर्घकाळ अभ्यास केला. रोगट मुळांवर पोसलेल्या प्रतिदीप्त स्यूडोमोनस जीवाणूंची संख्या वाढत जाते व ते डायॲसिटिल फ्लोरोग्लुसिनॉल हे कवकनाशक संयुग निर्माण करतात, असे त्यात दिसून आले. मुळाच्या एका ग्रॅममागे अशा जीवाणूंची संख्या सु. 1 लाखावर गेली म्हणजे रोग आटोक्यात येतो. बॅसिलस सबटिलिस व त्याच्या निकटच्या जाती इट्युरिन, फेंजिसीन इ. संयुगांनी कवकांच्या कोशिकापटलाला इजा करतात.

(3) प्रेरित प्रतिकार : मुळांवरील जीवाणूच्या स्पर्शाने संपूर्ण वनस्पतीच सावध होते आणि नंतर पानावर रोगकारक आला, तर तिचा प्रतिकार अधिक जलद होतो. रोगकारक व उपकारक जीवाणू यांची प्रत्यक्ष गाठ पडत नसतानाही संरक्षण मिळते, हे 1991 मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी कार्नेशन, काकडी व घेवडा या वनस्पतींवर दाखवून दिले.

(4) एंझाइमे : काही जीवाणू कायटिनेज व ग्लुकॅनेज या एंझाइमांनी रोगकारक कवकांच्या कोशिकाभित्ती विरघळवितात.

जीवाणूने जीवाणूवर मात केल्याचे नमुनेदार उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. पीच, बदाम, गुलाब इ. वनस्पतींच्या बुंध्याशी मोठ्या गाठी येण्याचा रोग ॲग्रोबॅक्टिरियम वंशातील जीवाणूमुळे होतो. ॲडिलेड येथील ॲलन केर यांनी 1970 नंतर त्याच वंशातील ‘के 84’ हा निरुपद्रवी वाण शोधला. रोपांची मुळे लागवडीपूर्वी त्याच्या पाण्यातील मिश्रणात बुडविली की रोग टळतो. हा वाण ॲग्रोसीन 84 नावाचा पदार्थ स्रवतो. रोगकारक जीवाणू गाठीतून मिळणारे अन्न ज्या वाटेने कोशिकेत घेतो, त्याच वाटेने हे विष आत शिरते. त्यामुळे ती वाट नसलेल्या रोगकारक वाणांवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. या पदार्थाच्या निर्मितीचे व त्यापासून संरक्षणाचे जीन (आनुवंशिक घटक) रोगकारकात संक्रमित होण्याचा धोका होता. म्हणून संक्रमणास लागणारा भाग काढून टाकलेला ‘के 1026’ हा वाण जनुकीय तंत्राने तयार करण्यात आला व 1989 पासून ऑस्ट्रेलियात विक्रीस आला. या दोन्ही वाणांचा उपयोग केवळ प्रतिबंधक आहे. आलेली गाठ त्यांनी बरी होत नाही.

भारतातील वापर : भारतात ऱ्हायझोबियमावरील अभ्यास एन्. व्ही. जोशी यांनी 1920 मध्ये सुरू केला. सोयाबीनाचा प्रसार होऊ लागल्यावर जीवाणू संवर्धनाची निकड वाढली, कारण या पिकास लागणारे जीवाणू अनेक ठिकाणच्या जमिनींत पुरेसे नव्हते. केंद्र शासनाने 1983 मध्ये जीवाणू खतांच्या विकासाचा व वापराचा राष्ट्रीय प्रकल्प गाझियाबाद येथे सुरू केला. 2006 मध्ये जीवाणू खतांचा समावेश खत नियंत्रण आदेशात (1985) झाला. रोगनियंत्रक जीवाणूंची नोंदणी मात्र कीटकनाशक अधिनियम, 1968 याखाली करावी लागते. स्यूडोमोनस फ्लुओरेसेन्सचे शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून ठेवता येणारे मिश्रण तमिळनाडू कृषी विद्यापीठातील पी. विद्याशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. हरभऱ्यावरील मर रोगासाठी केलेले त्यांचे हे कार्य 1995 मध्ये प्रसिद्ध झाले व दक्षिण भारतात या जीवाणूच्या वापरास त्यामुळे चालना मिळाली. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठे व पुण्याचे कृषी महाविद्यालय जीवाणू संवर्धने तयार करून शेतकऱ्यांना पुरवितात, उसासाठी मांजरी (जि. पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ॲसिटोबॅक्टराचा प्रसार केला आहे.

वापरण्याच्या पद्धती : बीजप्रक्रिया ही सर्वांत स्वस्त व प्रचलित पद्धत होय. सर्वसाधारणपणे 250 ग्रॅ. संवर्धन 10 ते 15 किग्रॅ. बियाण्यास पुरते. गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात ते कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवितात व लगेच पेरतात. बियाण्यास कवकनाशक व कीटकनाशक लावावयाचे असल्यास ती आधी लावून जीवाणू संवर्धन सर्वांत शेवटी लावतात. प्रक्रिया केलेले बियाणे रासायनिक खतांत मिसळत नाहीत. भात व भाजीपाल्याची रोपे, तसेच उसाचे बेणे संवर्धनाच्या पाण्यात सु. अर्धा तास बुडवून लावतात. स्यूडोमोनसाचे मिश्रण दर किग्रॅ. बियाण्यास सु. 10 ग्रॅ. या प्रमाणात लावतात किंवा शेणखतात मिसळून जमिनीत देतात.

गुणवत्ता : संवर्धनाचे मोल त्यातील जिवंत जीवाणूंच्या संख्येवर अवलंबून असते. लिग्नाइट, कोळशाची पूड अथवा पीट यांसारख्या वाहक पदार्थात जीवाणू मिसळून पाकिटे भरतात. खत नियंत्रण आदेशानुसार ऱ्हायझोबियमाच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान 5 कोटी व द्रव संवर्धनात दर मिलि.ला किमान 10 कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. या प्रमाणाचे महत्त्व एका साध्या हिशोबावरून ध्यानात येईल. 250 ग्रॅ. पाकिटात 1,250 कोटी जीवाणू असतात. 10 किग्रॅ. सोयाबीनात सु. 83 हजार दाणे धरल्यास प्रत्येक दाण्यास सु. दीड लाख जीवाणू मिळतात. सोयाबीनासारख्या मोठ्या बियांना दर दाण्यामागे सु. 1 लाख जीवाणू पुरेसे मानले जातात. तेच पाकीट वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली पडून त्यातील शंभरांपैकी नव्याण्णव जीवाणू मेले, तर दर दाण्यास जेमतेम दीड हजार उरतात व त्यांतलेही बरेच पेरणीनंतर नष्ट होतात. दोन्ही पाकिटांतील काळी पूड मात्र सारखीच दिसते. रासायनिक खतातील भेसळ निदान हंगामात लक्षात येते. मृत संवर्धनाचा दोष शेतकरी पावसाला, बियाण्याला वा जीवाणूंच्या कल्पनेलाच देतो. म्हणून निर्मितीची व मुदतीची तारीख, पिकाच्या गटाचे नाव आणि साठवणीची थंड जागा या गोष्टींना येथे विशेष महत्त्व आहे. बॅसिलसाची बीजुके उष्णता व शुष्कता सहन करीत असल्यामुळे त्याची संवर्धने अधिक टिकाऊ असतात.

मर्यादा व सुरक्षितता : जीवाणूंच्या वापराचे निष्कर्ष सर्वत्र सारखे येत नाहीत. सोव्हिएट संघात विसाव्या शतकाच्या मध्यास ॲझोटोबॅक्टर व फॉस्फोबॅक्टेरिन (बॅसिलस मेगाथेरियमाचे संवर्धन) यांचा वापर लक्षावधी हेक्टरांवर झाला. परंतु काटेकोर चाचण्यांत उत्पादनातील वाढ अल्प व अनिश्चित आढळली आणि या संवर्धनांविषयीचा उत्साह ओसरला. मातीचे तापमान, ओलावा, पीएच मूल्य, सेंद्रिय द्रव्य व स्थानिक सूक्ष्मजीव यांवर परिणाम अवलंबून असतो. नायट्रोजनयुक्त खत भरपूर दिल्यास गाठी कमी येतात. अनेक वर्षे सोयाबीन घेतलेल्या जमिनीत पूर्वीचेच जीवाणू स्थायिक झालेले असल्याने नवीन, अधिक कार्यक्षम वाणाला शिरकाव करणे अवघड जाते.

उपकारक जीवाणू म्हणून निवडलेला वाण माणसास निरुपद्रवी असल्याची खात्री करणे आवश्यक असते. बुर्खोल्डेरिया सिपेशिया या गटातील काही वाण रोगनियंत्रणात प्रभावी ठरले होते. परंतु याच गटातील जीवाणूंमुळे पुटीय तंत्वात्मकता या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांत फुप्फुसांचे गंभीर संक्रामण होत असल्याने अमेरिकेत त्यांच्या वापरावर निर्बंध आले.

योग्य पीक, योग्य वाण व निर्दोष संवर्धन यांचा मेळ बसल्यास किती मोठा लाभ होतो, याचे उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील विस्तीर्ण क्षेत्रावरचे सोयाबीन जवळजवळ सर्वस्वी जीवाणूंच्या नायट्रोजनावर घेतले जाते. त्यासाठी वाणांची निवड व दरवर्षी संवर्धन लावण्याची शिस्त अनेक दशके पाळली गेली. सोयाबीनास ब्रॅडीऱ्हायझोबियमाबरोबर ॲझोस्पिरिलम देण्याची पद्धतही तेथे रूढ झाली आहे. या कार्यातील प्रमुख शास्त्रज्ञ मारियांजेला उंग्रिया यांना 2025 चे जागतिक अन्न पारितोषिक देण्यात आले. तृणधान्यांना शिंबावंत पिकांइतका नायट्रोजन जीवाणूंकडून मिळवून देणे मात्र अद्याप साधलेले नाही. त्यामुळे गहू, भात, ज्वारी व ऊस या पिकांत ही संवर्धने खतांना पूरक म्हणूनच वापरली जातात, तर कडधान्ये व सोयाबीन यांत ती नायट्रोजनयुक्त खताची जागा बहुतांशी घेऊ शकतात. रोगनियंत्रणातही त्यांचा उपयोग प्रतिबंधक उपाय म्हणून, रोगप्रतिकारक वाण, फेरपालट व सेंद्रिय खत यांच्या जोडीनेच परिणामकारक ठरतो.